धुम्मस

सणाच्या आठ दिवस आधी
देवळामागच्या मैदानात ट्रक माती ओतून जातो.
ती चाळते माझी बहीण, मिहारु.
धुम्मस उचलते, आपटते,
उचलते, आपटते,
मग बिअरच्या रिकाम्या बाटल्यांनी
पेंढ्याच्या वळकट्या ठोकत ठोकत
गोलात बसवते.
एकशे सात किलो वजन तिचं.
या आठ दिवसांत त्याला गावात कुणी नावं ठेवत नाही.

नवव्या दिवशी पुजारी येतो.
रिंगणाच्या मधोमध वीतभर खड्डा,
त्यात तांदूळ, मीठ, समुद्री शेवाळाची पट्टी
आणि वाळवलेला म्हाकूळ.
म्हाकूळ आमच्या आईनं वाळवलेला,
तिच्या बोटांचा वास देवाला चालतो.
खड्डा बुजतो. देव आत उतरतो.
आणि मिहारु, पायाची माती झटकत,
खाली उतरते.

विटाळ हा शब्द कुणी काढत नाही.
परंपरा, म्हणतात,
आणि चहा पुढे करतात.

लहानपणी ती मला रोज अस्मान दाखवायची.
कालवांच्या शिंपल्यांच्या ढिगामागे
होडीच्या दोरानं आखलेलं आमचं रिंगण.
मी एकदाच जिंकलो, तिला शिंक आली तेव्हा.
ती कुस्ती तिनं धरली नाही.
मी पंधराचा झालो त्या थंडीत तोक्योहून एक गृहस्थ आले,
तालमीसाठी पोरं हुडकत.
आईनं भात वाढला.
त्यांनी मिहारुचे खांदे पाहिले, पोटऱ्या पाहिल्या,
वाटी खाली ठेवून म्हणाले, "मुलगा असती तर,"
आणि मला घेऊन गेले.

सहा वर्षं.
केस वाढवले, शेंडी बांधली,
थोरल्यांच्या पाठी घासल्या, भांडी घासली,
गुडघा गेला.
परतलो तेव्हा स्टेशनवर तीच.
माझी पेटी एका हातानं उचलून म्हणाली,
"तिथल्या मातीला वास कसा येतो रे?"
कितीदा तोंडावर पडलो होतो तिथे.
आठवेना.

मधल्या काळात ती पोलंडला जाऊन
पदक जिंकून आली होती, गादीवर,
तंग कपड्यांवरून लंगोट कसून.
नगरपालिकेनं कापडी फलक लावला,
रिंगणाच्या बाहेर, कुंपणाला.
संघाला तिनं अकरा पत्रं लिहिली.
दोन उत्तरं आली.
दोन्हींत आधी हवेतल्या गारव्याची चौकशी.

यंदा दुसऱ्याच कुस्तीत
पूर्वेची वळकटी उखडली.
पेंढा बाहेर, माती भसाभसा.
पंचांनी हात वर केला.
उघड्या अंगाची पोरं कुडकुडत उभी,
आणि सगळं गाव हळूहळू
माझ्या बहिणीकडे वळलं.

पुजारी बराच वेळ समुद्र बघत राहिला.
मग घसा खाकरून म्हणाला,
"दुरुस्ती म्हणजे काही कुस्ती नव्हे.
तेवढ्यापुरतं चढायला हरकत नसावी."

तिच्या हातात बाटली होती.
पाऊलसुद्धा उचललं होतं,
मी पाहिलं, टाच उचलली होती.
मग ती टेकवली, बाहेरच,
आणि बाटली माझ्या हातात दिली.

"दुरुस्तीला नाही यायची मी," ती म्हणाली,
आवाज न चढवता, जणू कालवांचा भाव सांगतेय.
"चढेन तेव्हा लढायला चढेन."

मी चढलो. मला चालतं.
दुखरा गुडघा टेकून ठोकत बसलो,
ठोकलं, पुन्हा ठोकलं,
वळकटी तिरकी ती तिरकीच.
खालून तिनं एक शब्द सांगितला नाही.

त्या संध्याकाळी तीन गडी
त्याच जागी अडखळून बाहेर गेले.
मिहारु कुंपणाला टेकून
भाजलेलं कणीस खात होती.
चौथा अडखळला
तेव्हा तिनं कणीस आईकडे दिलं,
आणि खाली वाकून
बुटांच्या नाड्या सोडायला लागली.